गुळाच्या पेढीपासून देणगीच्या पाटीपर्यंत : कोल्हापुरी बँकरांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात स्वकर्तृत्वावर मोठ्या झालेल्या बँकरचे चरित्र बहुतेक वेळा ठरलेल्या वाटेने जाते. खेड्यातला मुलगा शाहूपुरीत गुळाच्या दुकानात दिवाणजी म्हणून लागतो, काही वर्षांनी स्वतःची अडत, म्हणजे दलालीची पेढी, काढतो, मग पतसंस्था किंवा बँक, आणि उतारवयात बोर्डिंग (विद्यार्थी वसतिगृह), दवाखाना, वाचनालय यांना देणग्या. गौरवग्रंथ पहिल्या टप्प्यातली हलाखी आणि शेवटच्या टप्प्यातले औदार्य रंगवतात. मधल्या टप्प्यात पैसा कुणाचा होता, हे मात्र दोन ओळींत उरकले जाते.

शाहूपुरी पेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली ती व्यापारासाठीच. १९०१ पासून शहरात एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहू लागली. दरबाराने हात दिला, पण रोजच्या खर्चाला व्यापाऱ्यांच्या वर्गण्या लागत. ब्रिटिश मुलखात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा, आणि कोल्हापूरची जुनी नागरी बँक १९१३ ची. म्हणजे बाजार, बोर्डिंग आणि बँक या तिन्ही गोष्टी वीसेक वर्षांत एकाच गावात आल्या. तिन्हींच्या पंच मंडळींत तीच ती नावे दिसावीत, यात नवल नाही.

अडत्याला बँकिंग कुणी शिकवावे लागले नाही. ऊस रानात उभा असतानाच शेतकरी त्याच्याकडून उचल (आगाऊ रक्कम) घेई. गुऱ्हाळ पेटले की गूळ त्याच दुकानात उतरवायचा, हा अलिखित करार. कुणाची जमीन किती, कुणाचा शब्द कसा, कुणाचे पोर शिकतेय, हे सगळे अडत्याला तोंडपाठ. आजच्या बँकेत पतपाहणी म्हणतात ती तेव्हा गादीवर बसून होत होती आणि खतावणीत एका ओळीत मावत होती.

सौदा झाला की शेतकऱ्याच्या हाती हिशेबाची पट्टी पडे. वर गुळाच्या रव्यांची (ढेपांची) संख्या, वजन, दर. खाली वजावटी: हमाली, तोलाई, अडत, उचलीपोटी, आणि त्यातच कुठेतरी ‘धर्मादाय’. रक्कम किरकोळ, पैशा-आण्यांतली. म्हणूनच त्यावर कुणी भांडत नसे. पण हंगामभर हजारो रव्यांवर कापलेले हे पैसे पेढीच्या वहीत वेगळ्या खात्यावर साठत आणि त्यातून गोरक्षण, धर्मशाळा, विद्यार्थ्यांचे जेवण, देवळाचा जीर्णोद्धार यांना रक्कम जाई. ही चाल एकट्या कोल्हापूरची नव्हे, देशभरच्या बाजारपेठांत ती होती. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने बाजारातल्या अशा वजावटींवर बोट ठेवले आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई इलाख्यात तसा कायदा १९३९ मध्ये आला.

वाद इथेच आहे. व्यापाऱ्यांची बाजू अशी की सुट्टा पैसा शेतकऱ्याकडे राहिला असता तर तो बाजारातच खर्च झाला असता. पेढीने तो गोळा केला, वर स्वतःची भर घातली, म्हणून इमारत उभी राहिली. यात तथ्य आहे. बोर्डिंगांत शिकलेली पोरे याच गुऱ्हाळवाल्यांच्या घरची होती, हेही खरे. पण १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने निकाल स्पष्ट दिला: रूढीने धर्मादाय म्हणून कापलेली रक्कम कापणाऱ्याच्या मालकीची होत नाही, तो तिचा फक्त विश्वस्त, हिशेबी वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत धर्मादाय कार्यालयाकडे तिचा हिशेब द्यायचा. पुढे सत्तरच्या दशकाअखेर उत्तर प्रदेशातल्या एका गिरणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हा पैसा व्यापाऱ्याचे उत्पन्न नसल्याचे म्हटले. प्राप्तिकर वाचला म्हणून व्यापारी खूश झाले. मात्र जे उत्पन्न आपले नाही, त्यातली देणगी तरी आपली कशी? संगमरवरी पाटीवर पेढीचे नाव, आणि पट्टीवर कापून घेतलेला शेतकरी कुठेच नाही. पाटी खोटी नाही, अपुरी आहे, असे फार तर म्हणता येईल.

बँक काढायची वेळ आली तेव्हा दोन वाटा होत्या. एक सहकारी, म्हणजे एक सभासद, एक मत. दुसरी कंपनीची, जिथे भाग (शेअर) जास्त त्याचा शब्द मोठा. १९४३ मध्ये कोल्हापूर आणि सांगली अशा दोन शाखांवर सुरू झालेली रत्नाकर बँक दुसऱ्या वाटेने गेली. तीच पुढे देशभर पसरली आणि २०१४ मध्ये ‘आरबीएल’ या आद्याक्षरांच्या नव्या नावाने ओळखली जाऊ लागली. बाकी बहुतेकांनी सहकार धरला. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, १९६२ मध्ये व्यापारी बँकांतल्या ठेवींना दीड हजार रुपयांपर्यंत विमा आला, आणि १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांवरही रिझर्व्ह बँकेची नजर आली.

सहकारी बँकेत दानाचा हिशेब पुन्हा बदलला. १९६० चा राज्याचा सहकारी संस्था कायदा नफ्यातला चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायला लावतो, लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा घालतो आणि मान्यता घेऊन २० टक्क्यांपर्यंत रक्कम सार्वजनिक कामाला ठेवू देतो. रिझर्व्ह बँक मात्र देणग्यांना आदल्या वर्षीच्या जाहीर नफ्याच्या १ टक्क्यावर अडवते. वार्षिक सभेत अहवालातले नफा विभागणीचे पान उघडले की मागून कुणीतरी उठतोच: शाळेला देणगी बँकेने दिली, मग कोनशिलेवर अध्यक्षांचे नाव का? उत्तर येईपर्यंत ‘मंजूर, मंजूर’ होऊन विषय पुढे सरकलेला असतो.

२००१ मध्ये गुजरातेतली आणि २०१९ मध्ये मुंबईतली मोठी नागरी बँक कोसळली, तेव्हा संस्थापकाच्या शब्दावर ठेव ठेवण्याची सवय इथेही हादरली. ठेव विमा २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेला. त्याच वर्षीच्या बँकिंग कायद्याच्या दुरुस्तीने संचालकाला सलग आठच वर्षे दिली, २०२५ मध्ये ती दहा झाली. शंभर कोटींवर ठेवी असलेल्या नागरी बँकांना संचालक मंडळाखेरीज तज्ज्ञांचे व्यवस्थापन मंडळही नेमावे लागते. आयुष्यभर एकाच खुर्चीत बसून बँक वाढवणाऱ्या पिढीला हे नियम अपमानास्पद वाटतात. ठेवीदारांना ते उशिरा आलेले वाटतात. दरम्यान अनेक घराण्यांनी दानधर्म बँकेबाहेर काढून स्वतंत्र ट्रस्टकडे दिला आहे. तिथे पैसा निदान घरचा असतो, आणि पाटीवर कुणाचे नाव घालायचे याला वार्षिक सभेची मंजुरी लागत नाही.