मसुराएवढा फुगवटा आणि त्याच्या आतलं मीठ

आम्ही गुहागरला समुद्राच्या अगदी जवळ राहतो. दिवाळीच्या सुमारास गाडी धुताना मी चाकांच्या वरच्या पत्र्याच्या कडेवरून न चुकता बोट फिरवते. यंदा मागच्या चाकावर मसुराच्या दाण्याएवढा फुगवटा लागला. नखाने दाबल्यावर रंगाचा पापुद्रा सुटला आणि खालून तांबूस भुकटी आली, तीही ओलसर. चार दिवस कडक ऊन पडलं होतं. मग ही ओल आली कुठून?

खड्या मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं, तसंच हे आहे. निव्वळ सोडियम क्लोराईड हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळू लागतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं आणि त्याला साधारण ३३ टक्के आर्द्रताही पुरते. किनाऱ्यावरची हवा इतकी कोरडी क्वचितच होते. लाटा फुटताना उडालेले तुषार खाऱ्या वाऱ्याबरोबर येतात आणि गाडीवर बसतात. जिथे खडा लागून रंगाचा टवका उडालेला असतो, तिथून मीठ पत्र्यापर्यंत पोचतं आणि मग ओल तेच धरून ठेवतं.

युलिक एव्हान्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून पाहिला. थेंबाच्या कडेला हवेतला प्राणवायू सहज मिळतो, मध्यभागी कमी मिळतो. लोखंड झिजलं ते मध्यभागी! रंगाच्या पापुद्र्याखालीही असंच होतं. वरून रंग धड दिसत असताना आतल्या आत खड्डा खोल जात राहतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून रंग फुगतो. आणि यात मिठातलं क्लोराईड खर्ची पडत नाही. एका जागचं लोखंड खाऊन झालं की ते पुढच्या कामाला मोकळंच असतं.

म्हणून नुसता गंज खरवडून वर रंगाचा ठिपका देण्यात काही अर्थ नाही. मीठ आत कोंडलं जातं आणि पुढच्या पावसाळ्यात फुगवटा परत येतो. डाग लहान असला तरी भोवतालचा रंग पत्र्याला घट्ट धरलेला लागेपर्यंत सोलत जायचं. माझा मसूर सोलता सोलता रुपयाच्या नाण्याएवढा झाला. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्यावर पत्रा चकचकीत दिसतो, पण बारीक खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके उरतात, आणि मीठ तिथेच असतं. गोड्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसायचं, कोरडं करायचं, पुन्हा घासायचं. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. पुसल्यावर थोडा वेळ थांबून बघा. ठराविक जागी तांबूस टिपके लगेच उमटले, तर तिथे मीठ उरलंय असं समजा. स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्यातून आरपार गेलं, तर मात्र काम घरचं नाही. तो पत्रा कापून वेल्डिंगच करायला हवं.

खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी रस्ट कन्व्हर्टर मिळतं. त्यात फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असतं. आवळा चिरताना लोखंडी विळी काळी पडते ना? आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून ते काळं संयुग होतं. इथेही गंजाचं तसंच स्थिर, काळसर संयुग बनतं. वाळल्यावर बाटलीवर लिहिलंय तसं करावं आणि त्याच दिवशी प्रायमर मारावा, कारण उघडा पत्रा आमच्या हवेत रात्रभरही नीट राहत नाही. मग गाडीच्या रंगाच्या कोडप्रमाणे टचअपचे पातळ हात आणि शेवटी क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर असते, तेव्हा एकदम जाड थर द्यायची घाई करू नये. हातमोजे घाला आणि मोकळ्या जागेत बसा.

वेळ निवडायची ती थंडीतल्या सकाळची. रात्रभर मतलई वारा जमिनीकडून वाहत असतो, त्यात मीठ कमी असतं. दव वाळलं की सुरुवात करायची आणि दुपारचा खारा वारा सुटण्याआधी प्रायमर उरकायचा.

एवढं झाल्यावर दारांच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकंही बघा. आमच्याकडच्या तांबड्या चिखलाने ती बुजतात आणि पाणी आत साचतं. माडाच्या हिराने ती सहज मोकळी होतात.