इंग्लंडमध्ये बागेतलं झाड छाटायचंय? आधी टीपीओ तपासा

इंग्लंडमध्ये बाग असलेलं घर घेतलं की पहिल्याच वर्षी वाटायला लागतं, मागचा ओक जरा छाटून घ्यावा, स्वयंपाकघरात उजेड येईल. झाड आपल्या हद्दीत आहे, मग विचारायचं कोणाला? कौन्सिलला, म्हणजे स्थानिक पालिकेला. झाडावर ट्री प्रिझर्वेशन ऑर्डर, म्हणजे टीपीओ (झाड जपण्यासाठी कौन्सिलने काढलेला हुकूम) असेल, तर लेखी परवानगीशिवाय ते तोडणं, शेंडा उतरवणं, फांद्या किंवा मुळं कापणं हा गुन्हा आहे. झाड नष्ट केलं तर दंडाला वरची मर्यादाच नाही. त्याहून कमी नुकसानीला २,५०० पौंडांपर्यंत दंड होतो. १९९०चा नियोजन कायदा आणि २०१२चे नियम यांतून हे आलं आहे. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

झाडावर ऑर्डर आहे का, हे कौन्सिलच्या नकाशावर किंवा तिथल्या ट्री ऑफिसरला, म्हणजे झाडांची प्रकरणं बघणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारून कळतं. घर घेताना सॉलिसिटरने, म्हणजे वकिलाने, दिलेल्या सर्चच्या (मालमत्तेच्या नोंदी तपासल्याच्या) कागदांतही नोंद असते, पण ऑर्डर त्यानंतरही निघालेली असू शकते. कौन्सिलने काढल्या दिवसापासून ती तात्पुरती लागू होते. तुम्हाला हरकत घ्यायला किमान २८ दिवस मिळतात आणि ऑर्डर सहा महिन्यांत कायम व्हावी लागते. ऑर्डरच्या नकाशात टी म्हणजे एकटं झाड, जी म्हणजे समूह, ए म्हणजे क्षेत्र, डब्ल्यू म्हणजे वनराई. क्षेत्राच्या ऑर्डरमध्ये त्या दिवशी उभी असलेली झाडंच धरतात. वनराईत मात्र पुढे उगवलेलं रोपसुद्धा संरक्षित असतं.

अर्ज कोणीही करू शकतं, झाड स्वतःचंच असायला हवं असं नाही. शेजाऱ्याच्या झाडासाठीही करता येतो, मात्र परवानगी मिळाली तरी त्याच्या जागेत जायला त्याची संमती लागतेच. आणि संरक्षित झाडाची फांदी नुसती आपल्या बागेत आली म्हणून परस्पर कापता येत नाही.

अर्जाला फी नाही. फॉर्म प्लॅनिंग पोर्टल या वेबसाइटवर भरता येतो. सोबत नकाशा लागतो, तो हाताने काढलेला चालतो: रस्ता, घर, कुंपण, झाड आणि घरापासून झाडाचं अंतर. बरेच अर्ज अडकतात ते कामाच्या वर्णनात. ‘ओकची छाटणी करणे’ एवढ्यावर ट्री ऑफिसर काय ठरवणार? असं लिहा: ‘टी१, ओक. उंची १४ मीटर आहे, ती १२ मीटर ठेवणे. घराकडच्या बाजूच्या फांद्या दीड मीटरने कमी करणे.’ नुसते टक्के देऊ नका, त्यांचा अर्थ प्रत्येकजण वेगळा लावतो. फोटोवर रेघ मारून दाखवलंत तर फारच उत्तम.

कारणही लिहावं लागतं. पानं पडतात, सावली येते, ही कारणं माझ्या मते दुबळी आहेत, शिवाय छाटलेली फांदी परत फुटतेच. झाड रोगट किंवा धोकादायक आहे असं म्हणायचं असेल तर वृक्षतज्ज्ञाचं लेखी मत जोडा. मुळांमुळे घर खचतंय असा दावा असेल, तर इंजिनिअरचा अहवाल, भेगांची मोजमापं, माती आणि मुळांची तपासणी हे सगळं लागतं.

निर्णय आठ आठवड्यांत यायला हवा. नाही आला तर गप्प बसणं म्हणजे होकार समजू नका. त्याविरुद्ध अपील करता येतं. नकार किंवा जाचक अटी आल्या तर प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, म्हणजे अशी अपिलं ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे, २८ दिवसांत अपील करायचं. परवानगी साधारणपणे दोन वर्षं चालते.

नेमका इथेच अनेकांचा गोंधळ होतो, कारण कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे जुन्या वास्तू आणि परिसराचं रूप जपण्यासाठी ठरवलेल्या भागात, उलटं आहे. तिथे टीपीओ नसलेल्या झाडाचं खोड दीड मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल, तर सहा आठवडे आधी नोटीस द्यायची. तेवढ्यात कौन्सिलने टीपीओ काढली नाही तर काम करता येतं. म्हणजे इथे मौन चालतं, तिथे नाही. टीपीओचा अर्ज आणि ही नोटीस यांतला हा फरक लक्षात न घेता करवत लावली की पंचाईत होते.

वाळलेलं झाड काढायला परवानगी नको, पण पाच कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं. जिवंत झाडाची वाळकी फांदी न कळवता काढता येते. वादळात झाड घरावर झुकलं तर धोका टळेल तेवढंच कापा, कापण्याआधी फोटो काढा आणि लगेच कौन्सिलला कळवा. वाळलेलं किंवा धोकादायक झाड पूर्ण काढलं, तर त्याच जागी नवीन लावणं ही मालकाची जबाबदारी असते.

कामाला माणूस ठरवलात की त्याला परवानगीचं पत्र दाखवा, चुकीच्या कापणीला तोही जबाबदार धरला जातो. आणि मार्च ते ऑगस्ट शक्यतो थांबा. कौन्सिलची परवानगी हातात असली तरी वापरातलं घरटं मोडणं १९८१च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि ढोलीत वटवाघळं राहत असतील तर ती जागा वर्षभर संरक्षित असते. करवत सुरू करण्याआधी पाच मिनिटं झाडाखाली उभं राहून वर बघा. पक्षी चोचीत काहीतरी घेऊन एकाच फांदीवर परत परत येत असेल, तर पिल्लं उडेपर्यंत काम पुढे ढकला.