बूममध्ये गुंडाळणारे शीड आणि ‘गुंडाळणे’ या शब्दाचा घोळ

ठाण्याच्या खाडीत ये-जा करणाऱ्या जुन्या गलबतांच्या शिडाला खाली बूम, म्हणजे खालच्या कडेचे आडवे लाकूड, नसेच. शीड वरच्या तिरप्या परबाणाला, म्हणजे डोलकाठीवर टांगलेल्या लाकडाला बांधलेले, खालची कड मोकळी. वारा चढला की परबाण उतरवून लहान शीड चढवायचे. म्हणून बूमला ‘परबाण’ म्हणू नये. दोन्हींची जागा वेगळी, काम वेगळे.

खालच्या लाकडाभोवती शीड गुंडाळण्याची रीत युरोपातली. ब्रिस्टल खाडीतले पायलट कटर (जहाजांना वाट दाखवणाऱ्यांच्या शिडाच्या नौका) दातेरी चाकाने अख्खा बूम फिरवून शीड कमी करत. १९५०-६०च्या दशकांत लहान यॉटींवरही हीच सोय होती. पण पुढच्या कडेची जाड दोरी एकाच जागी थरावर थर चढे, मागची बाजू सैल पडे आणि बूमचे टोक झुके. १९७०च्या दशकात बरेच जण पुन्हा दोऱ्यांनी शीड खाली बांधू लागले. त्याच सुमारास डोलकाठीच्या पोटात शीड गुंडाळणे आले आणि पुढे पोकळ बूममध्ये फिरता दांडा बसला. हा बदल मला मोलाचा वाटतो. डोलकाठीतले शीड अर्ध्यात अडकले तर वारा खात वरच राहते. बूममधले शीड मात्र हालयार्ड (शीड वर ओढायची दोरी) सैल करून डेकवर उतरवता येते.

घोळ शब्दात आहे. ‘फर्लिंग’ (शीड पूर्ण गुंडाळून ठेवणे) आणि ‘रीफिंग’ (वारा वाढला की शीड लहान करणे) दोन्हींना आपण गुंडाळणेच म्हणतो. धक्क्याला लागल्यावर पूर्ण गुंडाळलेल्या शिडावर वाऱ्याचा भार नसतो. अर्धे गुंडाळून चालताना मात्र जो ताण पूर्वी शिडात बसवलेल्या रीफच्या कड्या घेत, तो आता पुढच्या कडेची पट्टी, फिरता दांडा आणि त्याची खीळ यांच्यावर येतो. मजबुतीचा वाद इथूनच सुरू होतो. काही जण ठरलेल्या उंचीवर जाड ठिगळे शिवून तिथे वेगळी दोरी बांधतात. ताण वाटला जातो हे खरे, पण ठिगळ गुंडाळीत गेले की पुढची बाजू फुगते आणि जुनाच दोष परत येतो. माझ्या मते ठिगळ पातळ हवे, कडेपासून मागे निमुळते होत गेलेले. रीफ आडवे बॅटन (शिडात घातलेली ताठ पट्टी) दांड्यावर बसेल तिथेच थांबवावे, म्हणजे ताण शिडाच्या रुंदीभर पसरतो.

त्याहून मोठी गोष्ट बूमच्या कोनाची. बूम आणि डोलकाठी यांच्यातला कोन नव्वद अंशांच्या किंचित आत लागतो, कुठे ८७च्या आसपास. नेमका आकडा यंत्रणेच्या पुस्तिकेतून घ्यावा. चार मीटरच्या बूमवर एका अंशाची चूक म्हणजे टोकाला सुमारे ७ सेंटिमीटर. तेवढ्यानेही गुंडाळी पुढे-मागे सरकते आणि पट्टी डोलकाठीवरच्या ज्या खाचेत सरकते तिच्या तोंडाशी फाटते. म्हणून कोन साधला की कडक व्हँगवर (बूमला खालून धरणाऱ्या दांड्यावर) खूण करून ठेवावी.

नेरुळ-बेलापूरकडे दुपारी खाऱ्या वाऱ्याने जोर धरण्याआधीच रीफ घ्यावे. नाळ (नावेचे पुढचे टोक) जवळजवळ वाऱ्यावर, मेनशीट (बूम आवरायची दोरी) सैल, हालयार्डवर हलका पण सततचा ताण, आणि एकाची नजर खाचेच्या तोंडावर. विजेच्या विंचला (दोरी ओढणाऱ्या चक्रीला) अडथळा कळत नाही, कापड फाटेपर्यंत ती ओढतच राहते. हाताला तो आधी कळतो. अडकले तर बटण सोडावे, दोन हात शीड उलगडावे, मग पुन्हा घ्यावे. खाडीचे मीठ आणि वाळलेला चिखल खाचेत बसतो. प्रत्येक फेरीनंतर ती गोड्या पाण्याने धुवावी.