लाटेची उंची नको, सेकंद सांग

“तळ्यातूनच तर जायचंय ना त्याला? मग एवढं काय!” ताई म्हणाली. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खात आम्ही समोरचं पाणी बघत होतो. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, ऑक्टोबर संपताना अमेरिकेतल्या लेक मिशिगनच्या उत्तर टोकाहून, मॅकिनॉपासून, एक ११ मीटरची मोटरबोट शिकागोला नेणार होता आणि तिथून नद्यांच्या वाटेने दक्षिणेला. बोट मित्राची, वेग ताशी १५ किलोमीटर.

तळं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फार तर पानशेत येतं. लेक मिशिगन जवळजवळ ५०० किलोमीटर लांब आहे आणि क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर. पण मी ताईला आधी उजनीची आठवण करून दिली. मे २०२४ मध्ये कळाशी आणि कुगावच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. तेही धरणाचंच पाणी होतं.

लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि त्याला मोकळ्या पाण्यावर धावायला किती अंतर मिळालं. खडकवासल्याला वारा आडवा सुटला तर एखाद किलोमीटरमध्ये समोरचा काठ येतो, म्हणून लाट पायरीला चाटून परत फिरते. मिशिगनवर उत्तरेचा वारा सुटला की त्याला अख्ख्या सरोवराची लांबी मोकळी मिळते.

तरी महासागराइतकं अंतर काही मिळत नाही, आणि खरी खोच तिथेच आहे. महासागरातल्या जुन्या, लांबून आलेल्या लाटांमध्ये दहा-बारा सेकंदांचं अंतर असतं. सरोवरातल्या लाटा कोवळ्या असतात, चार-पाच सेकंदांत एक. खोल पाण्यात लाटेची लांबी काढायचा हिशेब सोपा आहे: सेकंदांचा वर्ग करा आणि १.५६ ने गुणा, उत्तर मीटरमध्ये. दहा सेकंदांची लाट १५६ मीटर लांब निघते, चार सेकंदांची फक्त २५. उंची दोन्हींची दीड मीटर धरा. पहिलीवर बोट घाटातल्या लांब चढासारखी वर जाते आणि उतरते. दुसरीवर ११ मीटरच्या बोटीचं नाक एका लाटेतून वर येईतो पुढची हजर. ही लाट स्वतः ताशी २२ किलोमीटरने येते, बोट १५ ने समोरून जाते. म्हणजे दर अडीच सेकंदांना एक आपट, दिवसभर. म्हणून भाच्याने अंदाज वाचून दाखवला की मी म्हणायचो, उंची नको, सेकंद सांग. उंचीचा आकडा तसाही फसवा असतो. तो सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी सांगतो. एखादी चुकार लाट त्याच्या जवळपास दुप्पट येऊ शकते.

लाटा पाठीमागून आल्या तर आपट नाही, पण सुकाणूची पकड सुटते. नाक खाली, शेपूट वर, आणि बोट आडवी फिरायला बघते. मला विचाराल तर हे जास्त वाईट.

आता ऑक्टोबर का वाईट? वसंतात सरोवराचं पाणी गार आणि वरची हवा उबदार असते. पाण्यालगतची गार, जड हवा झाकणासारखी बसून राहते आणि जोराचा वारा तिच्यावरून सरकून जातो. शरदात सगळं उलटं. पाणी उन्हाळ्याची ऊब धरून असतं, आणि उत्तरेकडून थंड हवेची लाट आली की ती हवा खालून तापते. पातेल्यात खालून आच लागलेली आमटी जशी उसळ्या मारते, तशी हवा वरखाली होऊ लागते आणि वरचा वेगवान वारा थेट पाण्यावर आपटतो. वाऱ्याचा अंदाज दोन्ही ऋतूंत सारखाच असला तरी शरदातली लाट मोठी निघते. या भागातल्या मोठ्या सरोवरांवरची कुप्रसिद्ध वादळं नोव्हेंबरची आहेत ती यामुळेही. १० नोव्हेंबर १९७५ ला शेजारच्या लेक सुपीरियरमध्ये एडमंड फिट्झगेराल्ड हे मालवाहू जहाज बुडालं, २९ जणांसह. त्याची लांबी होती २२२ मीटर. भर म्हणजे हवामानाची माहिती देणारे बरेचसे तरंगते बोये बर्फ धरण्याआधी काढून घेतात.

मग काठ कुठला धरायचा? पूर्वेच्या, मिशिगन राज्याच्या किनाऱ्यावर आसऱ्याची बंदरं साधारण ५० किलोमीटरना एक अशी मुद्दाम वसवली आहेत. पण थंड हवेच्या लाटेमागचा वारा पश्चिम-वायव्येचा. तो सरोवर ओलांडून नेमका त्याच काठावर येतो आणि बंदराच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात. पश्चिमेचा विस्कॉन्सिनचा किनारा अशा वेळी आडोशाला असतो. मी पश्चिम काठाच्या बाजूने होतो, भाचाही शेवटी तिकडेच वळला. मॅकिनॉ ते शिकागो सुमारे ५४० किलोमीटर, म्हणजे ३६ तास. उजेड जेमतेम दहा तास असल्याने रोज सहा-सात तास धरले तर सहा दिवस. त्याने पंधरा धरले. आठ दिवस धक्क्याला बांधून बसण्यासाठी, एक कुरकुरीसाठी.

नदीत लाटांची भीती संपते, रांगा सुरू होतात. इलिनॉय नदीच्या वाटेवर आठ लॉक आहेत, म्हणजे बोट आत घेऊन पाणी सोडून खाली उतरवणाऱ्या पेट्या. तिथे मालवाहू बार्जना पहिला मान असतो. हौशी बोटीने तासन्‌तास थांबायचं.

पुढचा प्रश्न डिझेलचा. इलिनॉय नदी पुढे मिसिसिपीला मिळते. मिसिसिपीकाठचं सेंट लुईस शहर सोडलं की कैरो गावापर्यंत २९० किलोमीटर प्रवाहाबरोबर, मग ओहायो नदीत वळून पदुकापर्यंत ७५ किलोमीटर प्रवाहाविरुद्ध, आणि या टप्प्यात डिझेल मिळेल यावर भिस्त ठेवता येत नाही. प्रवाह दोन्हीकडे ताशी चार किलोमीटर धरा. उतरताना बोट १९ ने जाते, पंधरा तास. चढताना ११ ने, सात तास. अंतराचा पाचवा भाग, पण डिझेल मात्र जवळजवळ तिसरा भाग, कारण इंजिन तास मोजतं, किलोमीटर नाही.

हा हिशेब फोनवर चालला असताना ताई मागून म्हणाली, “नदी आपणहून वाहतेय की, डिझेल कशाला लागतंय?” भाचा म्हणाला, “आई, कैरोपर्यंत तुझं बरोबर आहे.” आणि त्याने वीस लिटरचे आणखी चार कॅन यादीत लिहिले.