लेन्सचा नंबर काढण्याआधी डोळ्यातलं पाणी बघा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी हनुवटी टेकवून एका यंत्रासमोर बसवतात. यंत्र डोळ्यावर प्रकाशाचे ठिपके पाडतं आणि त्यांच्या प्रतिबिंबावरून कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, वक्रता मोजतं. आत कोणत्या नंबरची लेन्स बसवायची, हे ठरवताना हे माप लागतं. गंमत अशी, की ठिपके चमकतात ते कॉर्नियावर नव्हे, तर त्यावर पसरलेल्या अश्रूंच्या थरावर. या थराची जाडी जेमतेम ३ मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो जागोजागी विरलेला असला, की प्रतिबिंब वेडंवाकडं पडतं आणि यंत्र बिचारं तेच इमानदारीने मोजतं. इथे १ डायॉप्टरची (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) चूक झाली, तर ऑपरेशननंतरचा नंबरही जवळपास तेवढाच चुकतो.

बरं, रुग्णाला विचारून हे कळेलच असं नाही. ‘कोरडा डोळा’ हे नावच फसवं आहे. अश्रूंचा थर टिकत नाही म्हणून डोळा चुरचुरतो आणि त्यावर उपाय म्हणून घळाघळा पाणी येतं. अशा माणसाला ‘डोळे कोरडे आहेत’ म्हटलं तर तो हसेल. काहींना तर वयोमानाने संवेदना कमी झाल्यामुळे काहीच जाणवत नाही. अमेरिकेत ऑपरेशनसाठी आलेल्या १३६ जणांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून जास्त डोळ्यांत पापणी उघडल्यावर अश्रूंचा थर ५ सेकंदांतच फुटत होता. कोरड्या डोळ्यांचं निदान मात्र आधी सुमारे २२ टक्के लोकांचंच झालेलं होतं.

तपासणी साधी आहे. डोळ्यात फ्लुरोसिनचा पिवळा रंग लावतात, पापण्या मिटून उघडायला सांगतात आणि निळ्या उजेडात बघतात. हिरवट चकाकणाऱ्या थरात पहिला काळा डाग कधी उमटतो, ते सेकंदांत मोजायचं. दहाच्या आत उमटला, तर शंका घ्यायची. फक्त क्रम सांभाळावा लागतो. रंगाने आणि डोळा बधिर करणाऱ्या थेंबांनी अश्रूंचा थर विस्कटतो, म्हणून आधी यंत्राचं माप आणि मग हे सगळं.

ऑपरेशनच्या छेदात कॉर्नियाच्या काही नसा कापल्या जातात आणि नंतरच्या ड्रॉप्समधली, ते खराब होऊ नयेत म्हणून घातलेली रसायनंही त्रास देतात. त्यामुळे आधीचा कोरडेपणा पुढे वाढतो. तो आधीच सापडला, तर ओलावा देणारे ड्रॉप्स आणि पापण्यांना गरम शेक देऊन काही आठवडे थांबायचं. तारीख पुढे गेली, की घरचे वैतागतात. पण मोतीबिंदूला सहसा तेवढी घाई नसते. मग पुन्हा हनुवटी टेकवायची आणि दोनदा घेतलेली मापं जुळली, की लेन्सचा नंबर पक्का करायचा.