सतरा की सत्तर?

बडोद्यात दांडिया बाजारच्या मागे एका गल्लीत आम्ही काही जण संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. गेल्या पावसाळ्यात तिथे १३ वर्षांचा एक मुलगा आला. हजेरीपटावर त्याचं नाव होतं, पण आदल्या नवरात्रात तो मंडपाच्या कामावर गेला आणि त्यानंतर शाळेत फिरकलाच नाही. घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची. मी त्याला ४२ वजा १७ घातलं. त्याने उत्तर लिहिलं ३५.

कसं केलंस, म्हणून विचारलं. सातातून दोन गेले, राहिले पाच. चारातून एक गेला, राहिले तीन. ही धांदरटपणाची चूक नाही. प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढायचा, असा नियम त्याने स्वतःच बनवला होता आणि तो इमानाने पाळत होता. मुलांच्या गणितातल्या चुका तपासणाऱ्या संशोधकांना हाच नियम देशोदेशीच्या वह्यांमध्ये सापडला आहे.

आपली भाषाही इथे थोडी आडवी येते. ‘बेचाळीस’ म्हणताना आपण दोन आधी उच्चारतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. बडोद्याच्या मराठी मुलाला आणखी एक खड्डा ओलांडावा लागतो. गुजरातीत १७ ला ‘सत्तर’ म्हणतात आणि आपल्याकडे सत्तर म्हणजे ७०. पहिली-दुसरीत बाईंनी ‘सत्तर’ सांगितलं की तो ७० लिहायचा आणि ओरडा खायचा. तेव्हा हे कोणाच्या ध्यानात आलं असतं तर!

एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी थोड्याच असतात. वजाबाकीतच सगळं लक्ष खर्ची पडलं, तर सातवीच्या समीकरणाला जागा उरत नाही. फळ्यावरचं पुढे सरकत जातं, मूल मागे राहतं. “ताई, वर्गात बसून करू काय? काही समजतच नाही,” तो म्हणाला. घरात पैशांची ओढ होतीच, ती मी नाकारत नाही. पण मंडपाच्या कामावर त्याला आपण काय करतोय ते कळत होतं. वर्गात ते कळत नव्हतं.

म्हणून ‘शाळा सोडली’ हा शब्दच मला फसवा वाटतो. मूल एका दिवसात शाळा सोडत नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात सहावीतल्या हजारो मुलांचा अनेक वर्षं माग काढला गेला. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ८० टक्क्यांहून कमी हजेरी, गणितात नापास, इंग्रजीत नापास आणि वर्तनाच्या तक्रारी, एवढ्या चार खुणांवरून पुढे शालेय शिक्षण पूर्ण न करणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के मुलं सहावीतच ओळखता येत होती. आपल्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस शाळा आहे. त्याचे २० टक्के म्हणजे ४४ दिवस, आठवड्याला जेमतेम एक. आठवड्यातून एकदा न येणारं मूल कोणाच्या नजरेत भरत नाही. महिन्याच्या शेवटी हजेरीपट आडवा वाचला, तर मात्र त्याची रेघ लगेच दिसते.

मग करायचं काय? त्याचं एक उत्तर आपल्याच गावात तपासलं गेलं आहे, आणि बडोदेकरांना ते फारसं माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेने मुंबईत आणि बडोद्यात ‘बालसखी’ उपक्रम चालवला. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुली मागे पडलेल्या १५-२० मुलांना वर्गाबाहेर घेऊन बसत आणि रोज दोन तास अगदी पायापासून वाचन आणि गणित शिकवत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधाची चाचणी घ्यावी तशी त्याची चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काही शाळांत एका इयत्तेला बालसखी दिली, काहींत वेगळ्या इयत्तेला. ज्या वर्गांना ती मिळाली तिथल्या मुलांचे गुण लक्षणीय वाढले, आणि सगळ्यात जास्त वाढले तळाच्या मुलांचे. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच अभ्यासात हेही नोंदलं आहे की उपक्रम थांबल्यावर वर्षभराने त्या वाढीचा थोडाच भाग शिल्लक होता. पाणी घालणं थांबवलं की रोप सुकतं, तसंच हे.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मूल न पाठवणाऱ्या पालकांना दंडही होत असे. दंडाने मूल शाळेच्या दारापर्यंत येतं. आत आल्यावर त्याला ४२ वजा १७ कळायला हवं, हे काम वेगळं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ते ओळखलं आहे: शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुसार वर्गात घ्यायचं आणि बरोबरीला आणण्यासाठी खास प्रशिक्षण द्यायचं. त्याचं १४ वं वर्ष उलटलं तरी आठवीपर्यंतचं मोफत शिक्षण थांबवता येत नाही. कितीतरी पालकांना हे ठाऊकच नसतं. या मुलाच्या आईलाही नव्हतं.

आम्ही काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे केले. चार गठ्ठे, दोन सुट्या. सतरा काढ म्हटल्यावर तो दोन सुट्या काड्यांकडे बघत राहिला. मग हळूच एका गठ्ठ्याचं रबर काढलं, काड्या पसरल्या, मोजल्या. बारा. त्यातल्या सात बाजूला सारल्या, एक अख्खा गठ्ठाही सारला. “पंचवीस?” त्याने विचारलं, आणि आधीच्या पस्तीसवर स्वतःच काट मारली.

आता तो पुन्हा शाळेत जातो. सोमवारी अजून कधीकधी दांडी मारतो. त्या दिवशी दुपारी आमच्यातलं कोणीतरी त्याच्या घरी जाऊन येतं.