आय-टू-सी-डिटेक्ट आधी परवानगी का मागते

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला घड्याळाचे मॉड्यूल जोडले की टर्मिनलवरची पहिली आज्ञा ठरलेली असते: आय-टू-सी-डिटेक्ट, मग डॅश-वाय, मग बसचा (म्हणजे चिपा ज्या तारांवरून बोलतात त्या जोडणीचा) क्रमांक १. लगेच आकड्यांची जाळी उमटते आणि ६८ च्या जागी ६८ दिसले की वायरी बरोबर लागल्या असे समजायचे. (जाळीतले आकडे म्हणजे बसवरच्या चिपांचे पत्ते. ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, लिहितात; पुढेही ते तसेच दिले आहेत.) जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतल्या प्रयोगशाळा असोत, की रावेर-यावल पट्ट्यात ठिबकचे कंट्रोलर आणि हवामानाचे छोटे बोर्ड जुळवणाऱ्यांची टेबले, ही आज्ञा याच रूपात तोंडपाठ असते. तिच्यातल्या डॅश-वायकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. तो काढून आज्ञा चालवली तर ती मध्येच थांबते. या तपासणीने बस गोंधळू शकते, डेटा जाऊ शकतो, त्याहून वाईटही घडू शकते, असा इशारा देते आणि पुढे जायचे का, असे विचारते. नुसते पत्ते तपासणाऱ्या आज्ञेने एवढे घाबरायचे कारण काय? कारण हा इशारा लिहिला गेला त्यामागे खरोखर निकामी झालेली यंत्रे आहेत.

आय-टू-सी हे या बसचे नाव. तिचा जन्म टीव्हीच्या पेटीत झाला. १९८२ च्या सुमारास एका डच कंपनीने संचातल्या चिपा एकमेकींशी बोलाव्यात म्हणून दोन तारांची ही पद्धत काढली, एक तार डेटाची आणि एक क्लॉकची, म्हणजे ताल धरणाऱ्या ठोक्यांची. पत्ता सात बिटांचा, म्हणून १२८ जागा. त्यांपैकी १६ राखीव, उरल्या ११२. सुरुवातीचा वेग १०० किलोहर्ट्झ होता, १९९२ मध्ये ४०० आला, पुढे आणखी वाढला. २००६ पासून ही पद्धत वापरण्याचे परवाना-शुल्कही गेले. एवढे पाठ्यपुस्तकात मिळते. आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहे ते त्या रचनेत काय नव्हते हे: बसवर कोण कोण आहे, हे विचारायची सोयच नव्हती. टीव्ही बनवणाऱ्याला कोणती चिप कुठे बसवली ते माहीत असायचे, त्यामुळे त्याला विचारायची गरजही नव्हती. यूएसबी किंवा पीसीआयवरचे उपकरण आपला उत्पादक आणि आपला नमुना स्वतः सांगते. इथे चिप आपला पत्ता ऐकला की डेटाची तार एका क्लॉकपुरती खाली ओढते, बस. वर्गातल्या हजेरीत क्रमांक पुकारला आणि मागच्या बाकावरून ‘हजर’ ऐकू आले, इतकीच ती खूण. पुढे ओळख-क्रमांक विचारण्याची तरतूद नियमावलीत आली, पण फार थोड्या चिपांनी ती घेतली.

ही उणीव टीव्हीत कोणाला जाणवली नाही. ती जाणवली संगणकात. १९९५ मध्ये बॅटऱ्या बनवणाऱ्या आणि प्रोसेसर बनवणाऱ्या दोन अमेरिकी कंपन्यांनी याच पद्धतीवर आधारलेली एसएम-बस आणली, आणि थोड्याच वर्षांत प्रत्येक मदरबोर्डवर ती दिसू लागली. रॅमच्या काडीवरची माहिती साठवणारी ईईप्रॉम (वीज गेली तरी मजकूर जपणारी चिप), तापमान आणि पंख्याचा वेग मोजणारी चिप, क्लॉक तयार करणारी चिप, सगळ्या एकाच दोन तारांवर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लिनक्सवर तापमान आणि पंखे वाचण्याचे काम स्वयंसेवकांनी हाती घेतले, तेव्हा कोणत्या मदरबोर्डवर कोणती चिप आहे हे सांगायला कोणी नव्हते. मग एकच मार्ग उरला. प्रत्येक पत्त्यावर जाऊन पाहायचे.

आय-टू-सी-डिटेक्ट त्या कामातून आली. तिच्या मूळ फाइलीवर कॉपीराइटचे सर्वांत जुने वर्ष १९९९ आहे. ब्रेडबोर्डवर सेन्सर खोचणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ती लिहिलेली नव्हती. अनोळखी मदरबोर्ड चाचपणाऱ्या माणसासाठी होती. हे लक्षात ठेवले तर तिचे सगळे वागणे समजते.

आता खरा प्रश्न. पत्त्यावर जाऊन पाहायचे म्हणजे नेमके काय करायचे? यावर घेतलेला निर्णय आजही प्रत्येक जाळीत दडलेला आहे, आणि त्याला दोन्ही बाजूंनी हरकती आहेत.

एक पद्धत ‘क्विक राइट’ची. पत्ता पाठवायचा, लिहायचे आहे अशी खूण करायची, उत्तर आले की नाही ते पाहायचे आणि एकही बाइट न पाठवता थांबायचे. कागदावर यापेक्षा निरुपद्रवी काही नाही. दुसरी पद्धत एक बाइट वाचण्याची. वाचल्याने कोणाचे काय बिघडणार, असे वाटते. प्रत्यक्षात दोन्हींनी बिघडवले.

क्विक राइटचे प्रकरण जास्त गंभीर. त्या काळी एका मोठ्या कंपनीच्या लॅपटॉपांमध्ये २४आरएफ०८ नावाची ईईप्रॉम असे. मशीनचा अनुक्रमांक आणि सुरक्षेची माहिती तिच्यात. या चिपच्या आतल्या स्टेट मशीनमध्ये (पुढचा टप्पा ठरवणाऱ्या मंडलात) दोष होता, आणि रिकामा क्विक राइट आला की तिच्यातला मजकूर बिघडू शकत असे. सेन्सर शोधण्यासाठी साधा स्कॅन चालवला, आणि पुढच्या वेळी लॅपटॉप सुरूच झाला नाही, असे लोकांच्या बाबतीत घडले. लिहायचा हेतू नव्हता, एक बाइटही लिहिला नव्हता, तरी महागडे मशीन दुरुस्तीला गेले. यावर इतकी कडक उपाययोजना झाली की लिनक्सच्या कर्नेलमधल्या (गाभ्यातल्या), मदरबोर्ड-बस चालवणाऱ्या एका ड्रायव्हरने त्या कंपनीचे मशीन ओळखताच सुरू व्हायलाच नकार द्यायचा, असे ठरले. ईईप्रॉम बिघडू शकते असा स्पष्ट संदेश देऊन तो मागे फिरे.

दुसरा धोका रॅमच्या काड्यांचा. ३० ते ३७ या पत्त्यांवर काही ईईप्रॉमना कायमचे लेखन-संरक्षण लावण्याची आज्ञा देता येते. तिथे चुकीचा लेखनाचा ठोका पडला तर चिप कायमची बंदिस्त होऊ शकते, आणि ते उलटवता येत नाही.

मग सगळीकडे वाचूनच का पाहू नये? कारण काही चिपा फक्त लिहून घेतात, वाचू देत नाहीत. मदरबोर्डवर ६९ या पत्त्यावर बसणाऱ्या क्लॉक चिपा त्यातल्या सर्वांत कुप्रसिद्ध. त्यांना वाचायला गेले की अख्खी बस अडकून पडे. शिवाय वाचणे हा नेहमीच निष्पाप व्यवहार नसतो. एलसीडीच्या पाठीवर येणारी पोर्ट वाढवणारी चिप घ्या: ती वाचली की तिची इंटरप्टची, म्हणजे ‘काहीतरी बदलले’ हे प्रोसेसरला कळवणारी, खूण पुसली जाते.

शेवटी निघाला तो मध्यम मार्ग. आय-टू-सी-डिटेक्टला काही न सांगता चालवले तर ती ३० ते ३७ आणि ५० ते ५एफ या दोन पट्ट्यांत बाइट वाचते, कारण ईईप्रॉम तिथे असतात, आणि बाकी सगळीकडे क्विक राइट करते. कर्नेलमधल्या जुन्या शोध-पद्धतीतही हाच नियम आहे. डॅश-क्यू दिला तर सर्वत्र क्विक राइट, डॅश-आर दिला तर सर्वत्र वाचन. आणि मॅन्युअलमध्ये या दोन्ही पर्यायांपुढे ‘शिफारस नाही’ असेच लिहिले आहे, कारणांसकट. ज्या टूलच्या मॅन्युअलमध्ये स्वतःच्याच पर्यायांविषयी इतके स्वच्छ लिहिलेले असते, त्याच्यावर माझा विश्वास वाढतो.

याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही सांगायला हवे. दोष चिपचा होता, मग साऱ्या जगाच्या टूलने वाकडी वाट का धरावी? एकाच जाळीत दोन वेगवेगळे प्रश्न विचारले जातात आणि उत्तर मात्र एकसारखे छापले जाते, हे अप्रामाणिक नाही का? आक्षेपात तथ्य आहे. जाळी पाहून कोणता पत्ता कसा तपासला ते कळत नाही. तरीही माझ्या मते निर्णय बरोबर होता. चिप विकत घेऊन गेलेल्या माणसाच्या हातात ती चिप बदलणे नसते; टूल लिहिणाऱ्याच्या हातात प्रश्न बदलणे असते. आणि त्या नियमालाही अपवाद राहणारच हे माहीत असल्यामुळे वर परवानगी मागणारा इशारा ठेवला. तोच आपण डॅश-वायने गप्प करतो.

पुढचा इतिहास झपाट्याने सांगता येतो. २००७ मध्ये ही आज्ञा आणि तिच्या बहिणी (वाचणारी आय-टू-सी-गेट, लिहिणारी आय-टू-सी-सेट, सगळी रजिस्टरे, म्हणजे चिपच्या आतले छोटे कप्पे, ओतून दाखवणारी आय-टू-सी-डंप) सेन्सरच्या पॅकेजमधून बाहेर पडून स्वतंत्र झाल्या. २०१७ च्या चौथ्या मोठ्या आवृत्तीत आय-टू-सी-ट्रान्सफर आली, जिच्यामुळे अनेक संदेश एकाच व्यवहारात पाठवता येऊ लागले. जुन्या आवृत्त्या स्कॅन ०३ पासून सुरू करत, नव्या ०८ पासून करतात, म्हणजे राखीव पत्ते मुळातच टाळतात.

पण या टूलचे आयुष्य बदलले ते २०१२ मध्ये, रास्पबेरी पाय आल्यावर. मदरबोर्डासाठी केलेली आज्ञा अचानक नवशिक्यांच्या पहिल्या धड्यात जाऊन बसली. अगदी पहिल्या बोर्डांवर पिनांवरची बस क्रमांक ० होती, सुधारित बोर्डांवर १ झाली; जुन्या लेखांत ० आणि नव्यांत १ दिसतो तो यामुळे. त्याच लेखांतून डॅश-वाय सवयीत शिरला. पायच्या पिनांवर तुम्ही स्वतः लावलेले दोन-तीन सेन्सर असतात, तिथे धोका नगण्य, हे खरे. मात्र हाच विद्यार्थी उद्या तीच ओळ लॅपटॉपवर बसचा क्रमांक बदलून चालवतो, आणि तिथे त्या तारांवर रॅम, मॉनिटर आणि मदरबोर्डच्या चिपा असतात. प्रयोगवहीत पहिल्या खेपेला तरी ही आज्ञा डॅश-वायशिवाय लिहून घ्यावी आणि इशारा मोठ्याने वाचून दाखवावा, असे मला कळकळीने वाटते.

खान्देशात या जाळीशी गाठ पडते ती बहुधा शेतीच्या कामात. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. पाय ५ च्या आधीच्या बोर्डांवर स्वतःचे बॅटरीचे घड्याळ नसते, म्हणून वीज गेली-आली तरी नोंदींवरची वेळ टिकावी यासाठी डीएस-३२३१ चे मॉड्यूल लावतात. त्याचे दोन पत्ते दिसतात: ६८ वर घड्याळ, ५७ वर त्याच पट्टीवरची छोटी ईईप्रॉम. पहिल्याला क्विक राइट झाला, दुसऱ्याकडून बाइट वाचला गेला; तो जुना तह असा एका मॉड्यूलवर दोन्ही अंगांनी दिसतो. घड्याळाचा ड्रायव्हर चढला की ६८ जाऊन तिथे यूयू येते. मॉड्यूल बिघडले समजून ते काढू नये. यूयू म्हणजे कर्नेलने तो पत्ता ताब्यात घेतला आहे आणि टूलने तो तपासलेला नाही.

उलट, रिकामी जागा म्हणजे चिप नाही असेही नाही. स्वस्त एएम-२३२० हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर स्वतःच्या उष्णतेने मापन बिघडू नये म्हणून झोपून राहतो, आणि पहिल्या हाकेला ओ देत नाही. दुसऱ्यांदा स्कॅन केल्यावर ५सी दिसतो. बागेत लांब वायर टाकून सेन्सर नेला असेल तर दोष वेगळाच: या बसवर एकूण ४०० पिकोफॅरडपर्यंतच कपॅसिटन्स चालते, आणि काही मीटर साध्या वायरीत ती संपते. टेबलावर दिसलेला पत्ता केळीच्या ओळीत नाहीसा होतो तो त्यामुळे. तिथे लांब अंतरासाठीच्या आरएस-४८५ पद्धतीची वायर टाकावी. ही बस पेटीच्या आतच ठेवावी.

सर्वांत जास्त फसगत मात्र दिसलेल्या पत्त्यावर होते. ६८ वर घड्याळही असते आणि एमपीयू-६०५० हा हालचालीचा सेन्सरही. ७६ वर बीएमई-२८० बसतो आणि बीएमपी-२८० सुद्धा. दोघे तापमान आणि हवेचा दाब सांगतात. आर्द्रता फक्त पहिला सांगतो. केळीवरचा करपा दमट हवेत वाढतो, त्यामुळे फवारणीचा अंदाज घेणाऱ्याला आर्द्रताच हवी असते. बाजारात बीएमई म्हणून घेतलेल्या पट्टीवर बीएमपी निघू शकते, आणि जाळीत दोन्हींचा चेहरा एकच. अशा वेळी आय-टू-सी-गेटने ७६ वरचे डी० रजिस्टर वाचावे. उत्तर ६० आले तर बीएमई आहे. ५८ आले तर बीएमपी आहे, आणि पेटी बंद करून बागेत नेण्याआधी ती पट्टी दुकानात परत करावी.